कॉलरवरचा बिगुल

फोटो स्टुडिओत सगळ्यात जास्त काय साठतं, तर लोकांनी काढून न नेलेले फोटो. त्याच्या खालोखाल किस्से. फोटो निदान डब्यात घालून माळ्यावर टाकता येतात. किस्से कुठे टाकणार? चार जण चहाला बसले की ते आपोआप खाली येतात. माझ्याकडचे आता इतके झालेत की मी सांगायला बसलो की बायको आतून विचारते, "बँडवाल्यापर्यंत आलं का?" म्हणजे पोळ्या टाकायला किती वेळ आहे, ते तिला कळतं.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. मी चिखलीला शाळेत चित्रकला शिकवायचो आणि शाळा सुटल्यावर मधुभाऊंच्या स्टुडिओत जुने फोटो रंगवायचो. रंगीत फोटो आमच्याकडे तेव्हा नव्हतेच. काळा-पांढरा फोटो मोठा करायचा आणि त्यावर ब्रशानं हलका रंग द्यायचा. कुणाच्या मेलेल्या आजीचं लुगडं कोणत्या रंगाचं होतं, हे मला कुठून ठाऊक असणार? घरच्यांना विचारून लावायचो. घरच्यांत एकमत झालं नाही तर हिरवा.

चीनच्या लढाईनंतर गावोगावच्या ग्रामपंचायतींना एक नवीन हौस लागली. आपल्या गावातून जे फौजेत गेले त्यांचे फोटो भिंतीवर लावायचे, खाली नाव आणि पलटण. नाव घरच्यांना माहीत असे. बोंब असायची ती पलटणीची. माणूस जाऊन वीस-तीस वर्षं झालेली, कागद उंदरांनी खाल्लेले, ट्रंकेच्या तळाशी एक फोटो तेवढा उरलेला. तो घेऊन लोक पार मोताळ्याकडून आमच्याकडे येत, कारण आमच्याकडे हवालदार होते.

हवालदार इंगळे पेन्शनीत निघालेले. रोज दुपारी स्टुडिओच्या बाकावर येऊन बसायचे. गणवेशावरून पलटण ओळखायचा त्यांना नाद होता. माझं भिंग घ्यायचे आणि बिल्ला, बटण, पट्टा, पागोट्याचा पेच एकेक करून तपासायचे. आमच्या बैठकीत पलटणींना सरकारी नावं नव्हती. बिगुलवाली, तोफवाली, खच्चरवाली, असंच चालायचं. हवालदारांचा नियम एकच. "फोटोखाली खोटं लिव्हनार नाही मी. मेलेला माणूस काही दुरुस्त कराले येत नाही."

शेजारच्या खोलीत करीमभाईंचं शिलाई मशीन. करीमभाई तरुणपणी कामठीच्या छावणीत पलटणीचे दर्जी होते. फोटोतल्या माणसाच्या तोंडाकडे ते बघतच नसत, फक्त कापडाकडे. या दोघांचं एकमेकांवाचून चालत नसे आणि एकमेकांचं ऐकतही नसत.

*

पहिलाच फोटो आणला तो मेहकरकडच्या एका पाटलांनी. त्यांचे आजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे गेले होते. फोटोत उभा माणूस, पागोट्यावरचा बिल्ला पार उडालेला.

"घोडदळात होते आमचे आजोबा," पाटील म्हणाले. "तसं लिव्हून टाका, म्हंजे झालं."

हवालदारांनी भिंग पायाशी नेलं. तेव्हाचे शिपाई पायाला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कापडाची लांब पट्टी गुंडाळत. पायदळवाला ती घोट्याकडून वर गुंडाळायचा, म्हणून त्याची नाडी गुडघ्याखाली बांधलेली दिसते. जनावरांच्या पलटणीतला माणूस वरून खाली गुंडाळायचा, त्याची नाडी घोट्याजवळ. ही अक्कल आम्हाला त्या दिवशी आली.

"नाडी घोट्याजवळ हाय. जनावरवाला माणूस," हवालदार म्हणाले.

पाटील खूश झाले. "मंग मी काय म्हनत होतो?"

"घोडा नाहीतर खच्चर. दोघाइची पट्टी सारखीच रायते."

"खच्चर? पाटलाच्या घरातला माणूस खच्चर हाकीन का?"

फोटोच्या कोपऱ्यात, आजोबांच्या खांद्यामागे, काहीतरी काळं लांबट दिसत होतं. मी हे काय म्हणून विचारलं. पाटील म्हणाले, झाडाची फांदी. हवालदारांनी भिंग तिकडे नेलं, बराच वेळ बघितलं आणि भिंग पाटलांच्या हातात दिलं.

"पाटील, या फांदीले कान फुटेल हायेत."

पाटलांनी कोपरा कापून फोटो मोठा करून नेला. खाली हवालदारांनी खच्चरवाली पलटणच लिहिली. पाटील शेवटपर्यंत म्हणत होते की लिहायचंच असेल तर मोडीत लिहा, गावात कुणाला वाचता येत नाही.

*

द्वारकाबाई आली ती त्यानंतर पंधरा दिवसांनी. धामणगाव बढ्याच्या पलीकडच्या एका खेड्यातली. चाळिशीची बाई, कपाळ मोकळं, बरोबर लग्नाची मुलगी शांता. पदराच्या आत फडक्यात बांधून तिनं नवऱ्याचा फोटो आणला होता.

नवरा सुखदेव दुसऱ्या महायुद्धात गेला, तेव्हा शांता पोटात होती. लढाई संपली, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात पोस्टानं एक पाकीट आलं. आत पत्र नाही, नुसता हा फोटो. सासरच्यांनी अर्थ लावला की माणूस गेला आणि पलटणीनं त्याच्या सामानातला फोटो पाठवला. त्यांनी तिचं कुंकू पुसलं. पण सरकारचा कागद कधी आलाच नाही, त्यामुळे गावात दुसरीही कुजबुज होती. सुखदेव मेला नाही, पळाला.

"आता पोरीले चांगलं स्थळ आलं हाय," ती म्हणाली. "थे लोक इचारतात, पोरीचा बाप कुठी गेला? पंचायतीच्या भितीवर फोटो लागला म्हंजे त्याइचं तोंड बंद होईन. पन सरपंच म्हनतात, पलटनीचं नाव आना. सव्वीस जानेवारीच्या आत."

फोटो एवढासा होता. स्टुडिओतलाच, मागे पडदा. सुखदेव ताठ उभा, अंगात फौजी कोट, पायाला पट्ट्या. अशा फोटोला मागून पुठ्ठा असतो आणि त्यावर स्टुडिओचं नाव छापलेलं असतं. याला पुठ्ठाच नव्हता. वाळवीनं खाल्ला, ती म्हणाली.

हवालदारांनी भिंग कॉलरवर धरलं आणि त्यांचा चेहरा खुलला. कॉलरच्या टोकाला बारीकसा बिगुल होता. त्या दिवसांत आमच्याकडे बिगुलवाल्या पलटणीचे फोटो बरेच निघत होते, त्यामुळे त्यांना नवल वाटलं नाही.

"बिगुलवाली. माहीच पलटन," ते म्हणाले. "बाई, मी आजच त्याइच्या दफ्तराले पत्र टाकतो. कुठी गेला, कवा गेला, समदं कळते. सरकारी कागदच आनून देतो तुमाले."

मधुभाऊंनी फोटो टेबलाच्या खणात ठेवला. शांता हसली. द्वारकाबाई त्या खणाकडेच बघत होती. मला वाटलं, बाईला भरून आलं असेल.

*

पत्राचं उत्तर यायचं होतं, त्या दिवसांतलाच हा किस्सा. देऊळगावकडून एक फोटो आला, त्यात माणसाच्या छातीवर तीन मेडल, पण उजवीकडे. मेडल डावीकडे लावतात हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं.

"निगेटिव्ह उलटं छापलं," हवालदार म्हणाले.

करीमभाई मशीनवरून उठून आले. "बटनं पाय. गड्याच्या कोटाची डावी बाजू वर येते, तशीच हाय. फोटो सुलटा हाय."

"मंग मेडल काऊन उजवीकडं?"

"थे तुले माहीत. मी दर्जी हाय."

चहाची पैज लागली. आठ दिवसांनी फोटोतला माणूस स्वतःच फोटो घ्यायला आला. आता म्हातारा झाला होता. हवालदारांनी मेडलांचं विचारलं.

"थे माहे नाहीत. बापाचे हायेत," तो म्हणाला. "बाप लढाईत गेला. साहेबानं सांगतलं का मेलेल्याचे मेडल वारसानं उजवीकडं लावा लागतात. मी तं जल्मात बंदुकीले हात नाही लावला."

हा नियम हवालदारांनीच आम्हाला दोन महिन्यांपूर्वी सांगितला होता. ते उठले, म्हाताऱ्याला कडक सॅल्यूट ठोकला. म्हातारा घाबरून मागे बघायला लागला. करीमभाई म्हणाले, "सलाम त्याच्या बापाले हाय. चहा मात्र मले पायजे."

*

आता बँडवाला.

साखरखेर्ड्याकडचे दोघे भाऊ आले. त्यांचे आजोबा म्हणे सुभेदार होते. फोटोत काय थाट! खांद्यावर झालरी, छातीवर सोनेरी दोऱ्यांच्या सात रांगा, बाहीवर वेलबुट्टी, टोपीला तुरा.

हवालदारांनी भिंग उचललंच नाही. "एवढ्या दोऱ्या जनरललेबी नसतात."

"मोठे सुभेदार होते," थोरला म्हणाला.

तेवढ्यात करीमभाई डोकावले. फोटो बघून लहान पोरासारखे हसले. "हा कोट मी शिवला. छावनीतून परत आलो तवा पह्यलं काम हेच भेटलं. बँडचे बारा कोट होते, हा मास्तरचा."

दोघे भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. मग धाकटा हळूच म्हणाला, "आमच्या घरी एक क्लॅरिनेट हाय खरं. आमी समजत होतो दुश्मनाकडून आनलं."

थोरला मात्र हटेना. गावात सगळ्यांना सुभेदार म्हणून सांगून झालं होतं. हवालदारही हटेनात. सुभेदार लिहिणार नाही म्हणजे नाही. शेवटी त्यांनी फोटोखालची पाटी मागून घेतली आणि स्वतःच्या हातानं नाव लिहून खाली लिहिलं : "यांनी तीस वर्षे सर्वांच्या पुढे चालून गावाची सेवा केली."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. तो फोटो पंचायतीच्या भिंतीवर लागला आणि माझ्या माहितीप्रमाणे अजून आहे.

*

माझाही एक किस्सा सांगायला हवा, नाहीतर लोक म्हणतील गुरुजी दुसऱ्यांचेच सांगतात.

चिखलीतल्याच एका घरचा फोटो रंगवायला आला. फौजेतला जवान. माझ्याकडचा खाकी रंग संपला होता. कमरेचा पट्टा उठून दिसावा म्हणून मी तो तांबडा केला आणि वरचं बक्कल पिवळं. मला तो फार छान वाटला.

हवालदारांनी बघितलं आणि कपाळावर हात मारला. "गुरुजी, तुमी जवानाले कचेरीतला चपराशी करून टाकलं."

खरंच होतं. लाल पट्टा आणि पितळी बक्कल म्हणजे कचेरीतला पट्टेवाला. मी पुसायला घेणार तोच त्या माणसाची म्हातारी बायको नातवाचा हात धरून आली. फोटो लपवायची सोय नव्हती. तिनं तो हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिली.

"असेच दिसत होते हो," ती म्हणाली. "फौजेतून आले अन् पंचवीस वर्षं कचेरीत होते. मी त्याइले लाल पट्ट्यातच पाह्यलं. तुमाले कोनं सांगतलं?"

हवालदार माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, अंदाजानं केलं. फोटो तसाच गेला. त्या दिवसापासून मधुभाऊ माझ्यासाठी खाकीच्या दोन बाटल्या आणून ठेवायला लागले.

*

डिसेंबरात हवालदारांच्या पत्राचं उत्तर आलं. सुखदेव नावाचा, त्या गावचा, असा शिपाई आमच्या यादीत नाही.

हवालदारांना ते फार लागलं. कारण त्यांनी पत्र टाकल्याचं द्वारकाबाईच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि उत्तर काय आलं हे विचारायला सरपंच स्वतः येऊन गेले. म्हणजे आता कुजबुजीला कागदाचा आधार झाला. स्थळवाल्यांनी सुपारी पुढे ढकलली. हवालदार दोन दिवस बाकावर आलेच नाहीत. करीमभाई त्यांना घरून घेऊन आले.

त्याच आठवड्यात मोताळ्याचा गणपत फोटो न्यायला आला. हा माणूस चांगला जिवंत, धडधाकट, दुसऱ्या महायुद्धातून परत आलेला. त्याचा स्वतःचाच फोटो भिंतीवर लागायचा होता. आत दोरीवर मोठे केलेले चार फोटो वाळत होते, चार गावांचे चार जवान. चौघांच्याही कॉलरवर बिगुल. हवालदारांनी चौघांखाली बिगुलवाली पलटण लिहायला सांगितलं होतं.

गणपतनं स्वतःच्या फोटोखालची चिठ्ठी वाचली. "हे काय लिव्हलं? मी तं लारी चालवत होतो."

"मंग कॉलरवर बिगुल कसा?" हवालदार म्हणाले.

"थो कोट माहा थोडीच हाय. फौजेतून कायमची सुट्टी झाली तवा कोट जमा करून घेतले आमचे. पायात बूट-पट्ट्या तेवढ्या रायल्या. मलकापूर टेसनासमोर एक फोटूवाला होता. त्याच्याकडं एक फौजी कोट रायत जाये. गाडीतून उतरलं का जो तो थोच घालून फोटू काढे. नाहीतर घरच्याइले कसं समजन, का हा लढाईतून आला?"

मग त्यानं दोरीवरच्या दुसऱ्या तिघांकडे बघितलं आणि त्याला हसू फुटलं. "हे पाहा, थोच कोट. खिशाखाली रफू दिसते का? थे मी फाडलं. काढता काढता पडद्याच्या खिळ्याले अटकला. फोटूवाला असा बोंबलला का टेसनावरचे हमाल धावून आले."

मी भिंग घेतलं. तिघांच्या कोटाला डाव्या खिशाखाली रफू होता. गणपतच्या फोटोत तिथे कापड अखंड.

"हे कवाचं?" करीमभाईंनी विचारलं.

"जपान हारला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातलं. आंबे आले होते बाजारात."

हवालदार खाली बसले. एक कोट आणि त्यांनी चार माणसांना आपल्या पलटणीत भरती करून घेतलं होतं. मला हसू येत होतं. करीमभाई हसत नव्हते. त्यांनी मधुभाऊंच्या टेबलाचा खण उघडला, द्वारकाबाईचा फोटो काढला आणि माझ्या हातातलं भिंग घेतलं.

गणपत जाईपर्यंत ते फोटो तळहाताखाली झाकून उभे राहिले. मग फोटो त्यांनी हवालदारांसमोर ठेवला.

"यातबी रफू हाय," ते म्हणाले.

*

याचा अर्थ आमच्यापैकी कुणाला समजावून सांगायला नको होता. रफू लढाई संपल्यानंतरचा. म्हणजे सुखदेव लढाईत मेला नव्हता. तो जिवंत, सुट्टी होऊन, मलकापूरच्या स्टेशनवर उतरला होता. तिथून त्याचं घर बैलगाडीनं एका दिवसाचं. त्यानं कोट घालून फोटो काढला, पाकिटात घालून घरी पाठवला आणि स्वतः गेला नाही. पुढे कुठे गेला, देव जाणे.

"मी तिले काय सांगू?" हवालदार म्हणाले. मला त्यांची फार कीव आली. अख्खी हयात फौजेत काढलेला माणूस आता दर्ज्याला विचारत होता.

"काहीच नको सांगू," करीमभाई म्हणाले.

"अन् फोटोखाली? लढाईत कामी आला, असं लिव्हू? खोटं लिव्हनार नाही मी, करीम."

"खोटं लिव्ह, असं कोनं म्हटलं? कोट त्याचा नाही. पन पाय तं त्याचे हायेत ना? पायाची पलटन सांग."

हवालदारांनी भिंग खाली नेलं. पट्टीची नाडी घोट्याजवळ बांधलेली होती. दुसऱ्या महायुद्धापर्यंत घोड्यांच्या पलटणी उरल्या नव्हत्या, म्हणजे खच्चरच. इतके दिवस कॉलरवरच्या बिगुलापुढे त्यांनी पायाकडे बघितलंच नव्हतं. त्यांनी वर नाव लिहिलं आणि खाली "खच्चर पलटण, दुसरे महायुद्ध". तिसरी ओळ लिहिली नाही.

"गुरुजी," करीमभाई मला म्हणाले, "मोठा करसान तवा थो रफू बुजवा. गणपत तिच्याच भागातला, मोताळ्याचा हाय. त्याच्या नजरेस पडला, तं गावभर होईन."

मी आजवर पुष्कळ फोटो रंगवले, पण एवढ्याशा जागेवर एवढा वेळ कधी घालवला नाही. करीमभाई शेजारी बसून कापडाचा धागा कसा जातो ते सांगत होते आणि मी खाकीची एकेक रेघ ओढत होतो. शेवटी ते म्हणाले, आता मलाही सापडत नाही. त्यांच्याकडून याहून मोठी पावती मिळणं शक्य नव्हतं.

सव्वीस जानेवारीला चार दिवस असताना द्वारकाबाई शांताला घेऊन आली. हवालदारांनी पलटण सांगितली, पहिल्या वेळी चूक झाली म्हणून हात जोडले. सरपंचांसाठी वेगळी चिठ्ठी लिहून दिली. शांताला खच्चर पलटण म्हणजे काय ते विचारायचं होतं. हवालदारांनी तिला सगळं सांगितलं, डोंगरावर तोफेचे सुटे भाग आणि रसद खच्चरांच्या पाठीवरच कशी जायची ते. पोरगी ऐकत राहिली. बापाबद्दल एवढं तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

मधुभाऊंनी मोठा केलेला फोटो आणून बाईच्या हातात दिला. तिनं आधी तोंड बघितलं. मग कोट. मग तिचं बोट डाव्या खिशाखाली जाऊन थांबलं.

"शांते, गाडी लागली का पाहून ये," ती म्हणाली.

पोरगी एसटी स्टँडकडे गेली. बाईनं बोट उचललं नाही.

"इथं रफू होता."

हवालदार जमिनीकडे बघायला लागले. मी ब्रश धुवायला घेतला, तो आधीच धुतलेला होता. करीमभाई म्हणाले, "रंगात गेला असंन, बाई."

"त्या पुठ्ठ्यावर दुकानाचं नाव छापेल होतं," ती म्हणाली. "पोस्टमननं वाचून दाखवलं मले. वाळवीनं नाही खाल्ला थो. म्याच चुलीत घातला."



तिनं फोटो त्याच जुन्या फडक्यात गुंडाळला, गाठ मारली, पदराच्या आत घेतला. दारात जाऊन थांबली.

"पाकीट आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी शांताले पाठीशी बांधून मी मलकापूरले गेलते, भाऊ," ती म्हणाली. "कोट खुटीले टांगेल होता."